या ना एकदा जेवायला!

शहरात शेजाऱ्याला टाळायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे त्याला जेवायला बोलावणं. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका भेटतात, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि म्हणतात, "या ना एकदा जेवायला!" आपणही मागे हटत नाही. "हो हो, येऊ की! पण आधी तुम्ही यायचं." दार उघडतं, दोन्ही पक्ष सुटतात. गॅसचा नंबर लावताना, दातांच्या डॉक्टरकडे जाताना, अगदी पंखे पुसायला माणूस बोलावतानासुद्धा आपण वार आणि वेळ पक्की करतो. जेवायला मात्र 'एकदा'. हा दिवस कालनिर्णयात शोधून सापडत नाही.

कोथरूडच्या आमच्या इमारतीत लातूरहून आलेला एक भाडेकरू मुलगा आहे. त्याला सुरुवातीला ही रीत ठाऊक नव्हती. काकांनी "या ना एकदा" म्हणताच तो सरळ म्हणाला, "गुरुवारी येऊ का?" काकांनी मान वर करून मजल्यांच्या आकड्यांकडे पाहिलं. अजून दोन मजले बाकी होते. "गुरुवारी... गुरुवारी आमच्याकडे जरा हे असतं," काका म्हणाले. 'हे' म्हणजे काय, ते मुलानं विचारलं नाही. म्हणजे महिन्याभरात तोही कोथरूडकर झाला होता.

आता इथे कुणीतरी पुण्याच्या पाहुणचारावरचे विनोद काढेल. ते इतके शिळे झालेत की हल्ली ते मुंबईकरही सांगत नाहीत. शिवाय मुलुंडला किंवा नाशिकच्या कॉलेज रोडला लिफ्टमध्ये काही वेगळं चालतं अशातला भाग नाही. रोग गावाचा नाही, लिफ्टचा आहे.

2025 च्या 'वर्ल्ड हॅपीनेस रिपोर्ट'मध्ये एक अख्खं प्रकरण एकत्र जेवण्यावर आहे. प्रश्न साधा होता. दुपारची सात आणि रात्रीची सात, अशी आठवड्याची चौदा जेवणं. त्यातली किती तुम्ही ओळखीच्या माणसाबरोबर जेवलात? सेनेगलची सरासरी आली 11.7. तळाला एस्टोनिया, 2.7. आणि आपण? 'अतिथी देवो भव' दारात रांगोळीनं काढणारा आपला दक्षिण आशिया चारच्याही खाली. सेनेगलवाले काही मोठा पराक्रम करत नाहीत. भात-मासळीचं एक मोठं पसरट भांडं मध्ये ठेवतात आणि भोवती सगळे बसतात. उशिरा आलेल्याला जरा सरकून जागा करून देतात. आपल्याकडे उशिरा आलेल्याला "अरे, आधी कळवायचं ना" असं म्हणतात.

अमेरिकेचंही त्यात आहे. 2023 मध्ये तिथला साधारण चारातला एक माणूस आदल्या दिवसाची सगळी जेवणं एकट्यानं जेवला होता. हे वाचून आपल्याला जरा बरं वाटतं. "तिकडे माणसं फार एकटी पडतात हो," असं आपण ज्या आवाजात म्हणतो, त्या आवाजाला थोडं साजूक तूप लावलेलं असतं. म्हणणाऱ्या काकू स्वतः त्या वेळी तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, मुलाच्या लग्नात घेतलेल्या आठ खुर्च्यांच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसून कालची भाजी संपवत असतात, ही गोष्ट निराळी.

आपला आकडा एवढा खाली का, याबद्दल माझा एक खासगी संशय आहे. आपल्या कितीतरी घरांत भरलेल्या ताटांभोवती माणसं असतात, पण वाढणारी बाई सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्या-उभ्या उरकते. तिला विचारलं तर ती काय सांगणार? कुटुंब पाच जणांचं, जेवण एकटीचं. पण हा विषय काढला की घरोघरी आमटी तापते, म्हणून पुढे जाऊ.

तर आमची इमारत. पहिल्या मजल्यावर गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका. मुलगा सॅन होजेला. दुसऱ्यावर हा लातूरचा आणि त्याचा मालवणचा जोडीदार, दोघेही हिंजवडीत. तिसऱ्यावर एक ताई आणि त्यांची शाळकरी मुलगी. नवरा बँकेत, बदली नागपूरला. चौथ्यावर काका, काकू बंगळुरूला नातवाच्या ड्यूटीवर, आणि ही ड्यूटी सहा-सहा महिने चालते. वर मी. पाच दारं, पाच नावाच्या पाट्या, पाच डोअरबेल आणि स्वयंपाकाच्या मावशी एकच.

मावशी सकाळी साडेसहाला पहिल्या मजल्यावर सुरू करतात आणि वर चढत येतात. मंगळवारी मंडईत फ्लॉवर चांगला आला की पाचही घरांत फ्लॉवर. तीच मोहरी-हिंगाची फोडणी, तेच दाण्याचं कूट, शेवटी तीच चिमूटभर साखर. रात्री साडेआठला या इमारतीला समोरून उभं कापलं असतं तर काय दिसलं असतं? एकाच हातची फ्लॉवरची भाजी, पाच मजल्यांवर, एकाखाली एक, सात जण पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून एकेकटे खाताहेत. पंगतच ती. फक्त उभी, आणि मध्ये स्लॅब.

या पंगतीची माहिती असलेली व्यक्ती एकच, मावशी. कुणाकडे पोळ्या दोनवरून एकवर आल्या, कुणाच्या फ्रीजमध्ये परवाची उसळ तशीच आहे, कुणी हल्ली रात्रीचं जेवतच नाही, सगळं त्यांना ठाऊक. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपला एवढंच कळतं, की आठ चाळीसला बी-302 मध्ये बर्गर आला. जवळपास जेवणाचे मित्र शोधायला लोक हल्ली काय काय करतात! अनोळखी पाच जणांबरोबर जेवायचं तिकीट काढतात. कुठलंसं यंत्र आवडीनिवडी जुळवून टेबल लावतं. मग बाणेरच्या हॉटेलात बसून सगळे एकमेकांना 'तुम्ही काय करता' विचारतात. आणि बिल आल्यावर खऱ्या अर्थानं ओळख होते. अरे, एवढं करण्यापेक्षा मावशींना विचारा. 'माझ्यासारखंच कोण जेवतं हो?' असं विचारलंत तर मजल्यासकट उत्तर मिळेल.

पण विचारत नाही, कारण आपल्याला शेजारी नको असतो असं नाही. त्यानं आपलं रोजचं ताट बघायला नको असतं. पाहुण्याला जेवायला बोलवायचं म्हणजे घर आवरायचं, दिवाणावरचे कपडे बेडरूममध्ये लोटून कडी लावायची, काचेची भांडी वरून काढायची, दोन भाज्या, कोशिंबीर, तळण, गोड. आणि वर म्हणायचं, "काही नाही हो, साधंच केलंय." समोर सात पदार्थ मांडून 'साधंच' म्हणणारी आपली एकमेव जमात असावी. पाहुणाही बिचारा अडकतो. आता त्याला आठ करायला हवेत.

भिशी मंडळं, किटी, 'फॅमिली गेट-टुगेदर' ही सगळी याच रोगानं जातात. पहिल्या घरी श्रीखंड-पुरी. दुसरीकडे पनीरचे दोन प्रकार आणि गुलाबजाम. तिसरीकडे केटररचा माणूस पांढरे हातमोजे घालून जिलब्या तळायला उभा. चौथ्या घरच्या बाईला नेमका त्या आठवड्यात व्हायरल होतो आणि मंडळ संपतं. ग्रुप मात्र राहतो. त्यावर पुढली चार वर्षं सकाळी गुलाबाची फुलं येत राहतात.

खरी मैत्री मोजायला माझ्याकडे एकच माप आहे: फोडणीची पोळी. शिळ्या पोळ्यांचा चुरा, कांदा, शेंगदाणे, वर कोथिंबीर असली तर असली. ही ज्याला तुम्ही न लाजता वाढू शकता तो तुमचा माणूस. बाकीच्यांना श्रीखंड द्या आणि वाटेला लावा.

पूर्वी बरं होतं, असं इथे म्हणायची पद्धत आहे. नव्हतं. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवायचे: सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे, सात वार सात घरं. एक मात्र मान्य करायला हवं. त्या मुलासाठी म्हणून कुणी वेगळं काही रांधत नसे. घरात शिजलं ते त्याच्या पानात. पण त्या पंगतीत मैत्री शोधू नये. यजमानाला पुण्य हवं होतं, मुलाला भात. आणि जातीबाहेरच्या मुलाला त्या सातही दारांत वार नव्हता.

एकत्र खाण्यावरून या शहराचं डोकं कसं फिरतं ते बघायचं तर 1890 सालात जावं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान आणि अव्वल दर्जाचे कळलावे, यांनी उपस्थितांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. झालं. मिशनऱ्याच्या हातचा चहा! ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकायचा खटला, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी गेलं, प्रायश्चित्तं निघाली. रानड्यांनी पुढे ते घेतलं आणि घेतल्याबद्दल सुधारकांची बोलणीही खाल्ली. मला त्या यादीतले ते दुसरे लोक फार आवडतात, ज्यांचं म्हणणं होतं की कप हातात घेतला, पण प्यायलो नाही. यांचे वंशज अजून आपल्यात आहेत. ते पुढे भेटतीलच.

त्यानंतर अनंत हरी गद्र्यांनी उलटं टोक धरलं. दलित जोडप्याच्या हातून सत्यनारायण करवायचा आणि प्रसादाला सगळ्यांनी मिळून झुणका-भाकर खायची. समतानंद म्हणत त्यांना. पक्वान्नांची भानगड नाही, म्हणून चढाओढीला जागा नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं. पुढे 1995 नंतर सरकारनं तीच झुणका-भाकर एक रुपयात दिली, 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून शिवभोजन थाळी दहा रुपयांत. पोट भरायच्या योजना निघाल्या. समोर बसायला माणूस कुठल्याच योजनेत नाही. त्याचं टेंडर कसं काढणार?

विकतची सोबत मात्र या राज्यानं उत्तम चालवली. गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेला गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचा आणि खानावळवालीकडे जेवायचा. त्या बायकांना प्रेमा पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं, तोवर त्यांच्या कष्टाला कुणी धंदाही म्हणत नव्हतं. इकडे पुण्यात टिळक रस्त्यावरची बादशाही 1932 ची, लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाउस 1935 चं. आणि पेठांतल्या जुन्या वाड्यांत, माडीवर, बोळात किती मेस होऊन गेल्या याची गणतीच नाही. मेस लावलेल्या माणसाला कुणी मित्र म्हणून बोलावत नसे. जिथे खुर्ची रिकामी तिथे बसायचं. समोरच्यानं "मीठ सरकवा" म्हटलं की ओळख. दोन महिन्यांनी कळायचं की तो बार्शीचा, आपला मावसभाऊ त्याच्याच वर्गात. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. त्या बंद संध्याकाळी एकाच बाकावर सहा महिने गप्प जेवलेली मुलं मिळून भेळ खायला जायची.

आणि मेसमध्ये होता खाडा. चार दिवस गावी निघालात तर आधी सांगून खाडा धरायचा, तेवढे पैसे वळते. न सांगता गेलात तर पाचव्या दिवशी गल्ल्यावरून प्रश्न यायचाच, "कुठे होतात? बरं नव्हतं का?" त्यांना आपली नाही, शिजवलेल्या भाताची काळजी असायची, हे मान्य. पण कोणत्याही कारणानं का होईना, आपण जेवायला आलो नाही हे एका माणसाच्या लक्षात यायचं. आज तुम्ही पंधरा दिवस डिलिव्हरी मागवली नाहीत तर कंपनी एवढंच कळवते की तुमच्यासाठी साठ टक्के सूट आहे.

असो. आमची पंगत आडवी कशी झाली ते सांगतो. ठिणगी अगदीच किरकोळ होती. चैत्रात मावशी गावच्या जत्रेला गेल्या. भोरकडचं गाव, देवाची पालखी, पाहुणे-रावळे, आठवडा तरी लागणार होता. पाच स्वयंपाकघरं थंड. दोन-तीन दिवस गेटवर लाल-नारिंगी शर्टांची जत्रा भरली. मग प्राध्यापिका बाईंचा ग्रुपवर निरोप आला. तो मी अजून जपून ठेवलाय, कारण असा मराठी मजकूर आता दुर्मिळ: "मुगाची खिचडी केली आहे. जास्त झाली आहे. साडेआठला येणे. ताट आपले आणणे. गोड नाही." गुलाब नाही, हात जोडलेले नाहीत, 'एकदा' तर नाहीच.

लातूरचा पोरगा सगळ्यात आधी आला. स्टीलचं ताट आणि आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी, पिशवीची गाठसुद्धा आईचीच. त्याच्या मागून मालवणी. काकांनी पापड भाजून आणले होते. मधोमध काळे, कडेला कच्चे, म्हणजे गॅसशी संबंध सहा महिन्यांतला पहिलाच. तेव्हा कळलं की गुरुवारी त्यांच्याकडे 'हे' म्हणजे काय असतं. काही नसतं. शिजवता येत नाही, मावशींची भाजी गरम करून खातात आणि पोराला बोलावून वाढणार काय, या धास्तीनं लिफ्टचे आकडे मोजतात. ताई आल्या, त्यांची मुलगी आली. तिनं आल्या-आल्या जाहीर केलं की खिचडी तिला आवडत नाही, आणि तीनदा घेतली. बाईंचं घर आवरलेलं नव्हतं. सोफ्यावर इस्त्रीचे कपडे होते, ते उचलून त्यांनी टीव्हीवर ठेवले. या एका कृतीनं सगळ्यांना आपापल्या घराची लाज वाटेनाशी झाली.

पुढच्याच आठवड्यात धोका आला. ताई म्हणाल्या, "आता माझ्याकडे. पावभाजी करते, आणि फ्रूट कस्टर्ड." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कस्टर्ड केलंस तर मी येणार नाही." गणितवाल्या त्या. चढता क्रम कुठे जातो हे त्यांना कळतं. तेव्हापासून अलिखित कायदा असा: घरात जे शिजलंय तेच, त्याला बहीण-भाऊ जोडायचे नाहीत. 'अजून घ्या' म्हणायचं नाही. ज्याला हवं तो पातेल्यात डाव घालेल. ताट ज्याचं त्यानं नेऊन घासायचं. साडेनऊला घरी. आणि अंतर घरातल्या स्लिपर घालून येता येईल इतकंच. ज्या मित्राकडे जायला बूट घालावे लागतात, पार्किंग शोधावं लागतं, तो सणावारी. मंगळवारच्या फ्लॉवरसाठी कर्वे पुतळा ते विमाननगर कुणी येत नसतं.

मावशी जत्रेहून परत आल्या तरी प्रकार थांबला नाही. आठवड्यातून दोनदा, वार ठरलेले, त्यातला एक गुरुवार. तो काकांनीच सुचवला.

मे महिन्यात खाली उकडायला लागलं, तेव्हा गच्चीचा विषय निघाला. आमच्या गच्चीची किल्ली सचिवांकडे असते आणि ती अर्जाशिवाय हलत नाही. अर्जात रकाना आहे, 'कार्यक्रमाचे स्वरूप': वाढदिवस, बारसं, सत्यनारायण, कोजागिरी, इतर. आम्ही 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'जेवण'. सचिवांचा फोन आला. "निमित्त काय?" काही नाही. "म्हणजे कुणाचं काही आहे का?" नाही हो, भूक लागते. "असं विनानिमित्त परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील," ते म्हणाले. त्यांना हे संकट वाटत होतं. शेवटी मुलीचा वाढदिवस लावून किल्ली मिळवली. सोसायटीच्या दफ्तरी त्या पोरीचं वय या उन्हाळ्यात भराभर वाढलंय.

गच्चीवर दुसरा प्रश्न वर आला, जो लिफ्टमध्ये कुणी विचारत नाही आणि भाड्यानं घर देताना सगळ्यात आधी विचारतात: "तुम्ही काय खाता?" इथे काय खाता याचा अर्थ कोण आहात असा घ्यायचा असतो. मालवणी मुलाच्या घरातून वास येतो, अशी तक्रार आधीच रजिस्टरमध्ये होती. तक्रारदार चौथा मजला. त्या दिवशी मालवणी मुलानं बांगड्याचं तिखलं आणलं. डबा भिंतीच्या कडेला, जरा लांब ठेवला. बाई शाकाहारी, त्यांनी ताट उचलून दुसऱ्या बाजूला मांडलं आणि पोरांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या पीएफबद्दल बोलत राहिल्या. तिसरीतली पोरगी काट्यांत गुंतली. काका थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिले. मग भात घेतला. मग म्हणाले, "तुकडा नको. रस्सा चालतो." रस्सा दोनदा चालला. तिसऱ्यांदा डबा वाकडा करावा लागला. पंचहौद मिशनमध्ये कप हातात घेतला पण प्यायलो नाही म्हणणाऱ्यांना मी आता प्रत्यक्ष ओळखतो. रजिस्टरमधली तक्रार मात्र काकांनी अजून मागे घेतलेली नाही. "ती तत्त्वाची आहे," म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, जमलं की सगळं. थांबा. मावशींना या प्रकाराचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. पाच ओट्यांवर गुरुवारी एकच पातेलं खरकटं हे त्यांच्यापासून काय लपणार? एका सकाळी त्यांनी बाईंकडे विषय काढला. "तुम्ही समदे येकाच जागी जेवताय. मग मी पोळ्या पाच घरात वायल्या लाटू का येकाच घरात? आन् येकाच घरात लाटल्या तर पगार किती घरांचा?"

त्या संध्याकाळी पंगतीत पहिल्यांदा शांतता झाली. स्लिपर घालून येणारे, कस्टर्डला नकार देणारे, एकमेकांचा रस्सा चालवून घेणारे आम्ही लोक क्षणात पाच स्वतंत्र फ्लॅट झालो. काका म्हणाले, तत्त्वतः पोळ्या एकाच ठिकाणी म्हणजे गॅस एकाचाच जळणार, त्याचा हिशेब व्हायला हवा. हिंजवडीच्या पोरांनी मोबाइलवर तक्ता उघडला. ताईंनी 'दोन दिवसांचे पैसे कमी' असं काहीतरी अर्धवट म्हणून पाहिलं. बाईंनी तक्ता बंद करायला लावला आणि म्हणाल्या, मेसमध्ये खाडा आपण धरतो, स्वयंपाक करणारीचा धरत नाहीत. पगार पाचही घरांचा पूर्ण. ठराव मंजूर झाला. एकमतानं म्हणवत नाही, पण विरोधात हात वर झाला नाही. काकांचा हात भातात होता.

मग लातूरच्या पोराच्या डोक्यात आलं ते आमच्या कुणाच्या आलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी मावशी संध्याकाळच्या पोळ्या उरकून निघाल्या होत्या, तेव्हा तो दारातच आडवा उभा राहिला. "मावशी, तुम्ही पण बसा की. ताट आणतो." बाकी सगळे एकदम फार उत्साहानं म्हणाले, "हो हो, बसा ना!" इतक्या उत्साहानं, की आधी हे कुणीच का म्हटलं नाही याचा हिशेब कुणी मागू नये. ताईंनी खुर्ची ओढली. काकांनी स्वतःच्या हातानं आमटी वाढायला घेतली. हल्ली ते आमटी करायला शिकलेत आणि ती सगळ्यांना पाजतात.

मावशींनी घड्याळ पाहिलं, पदर खोचला. "न्हाई ओ, सहा नंबरच्या सोसायटीत अजून दोन घरं हायेत. ती रात्री जेवत्यात उशिरा." चपला घालता घालता त्यांनी डावातली आमटी तळहातावर थेंबभर घेऊन चाखली.

"ही मी केलेली न्हाई," त्या म्हणाल्या, "सांगून ठेवते. मीठच न्हाई हिच्यात."